शून्य घड्यांचे धोतर

मी सर्वांत अधिक ऋणी आहे ती माझ्या आत्याची. आम्ही जातीने परीट. आत्या रत्नागिरीत आमच्या आळीतल्या वीस-पंचवीस घरांचे कपडे वहाळावर धुवी, कातळावर वाळवी आणि घरी आणून इस्त्री करी. तिला अक्षरओळख नव्हती. बीजगणितातले घातांकांचे नियम मला तिने शिकवले.

हे वाक्य मी कुठेही बोललो की लोक कौतुकाने हसतात. अडाणी पण शहाणी अशी बाई त्यांना फार आवडते. त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो की माझी आत्या शहाणी वगैरे नव्हती. ती संशयी होती, तोंडाची फटकळ होती, दिवसातून चारदा मशेरी लावी, आणि कापड सोडून इतर कुठल्याही विषयावरचे तिचे मत हटकून चुकीचे असे. फणस खाऊन पश्चिमेकडे तोंड करून झोपले की हिवताप येतो, हे तिने मला शपथेवर सांगितले होते. पण कापडाबाबत तिला जे ठाऊक होते ते ठाऊक होते, आणि जे ठाऊक नव्हते ते ती ठाऊक नाही म्हणून सांगे. आमच्या इंग्रजी शाळेत एवढी एक गोष्ट ज्याला जमे असा मास्तर मला भेटला नाही.

माझी आई मी लहान असताना गेली. वडील मुंबईला एका लाँड्रीत भट्टीवर होते. आमच्या घरातून इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिलाच. वडिलांचा शाळेला विरोध नव्हता, पण विश्वासही नव्हता. मी इंग्रजी पाचवीत, म्हणजे मॅट्रिकच्या दोन इयत्ता अलीकडे, गेलो तेव्हा ते गणपतीला घरी आले होते. जाताना म्हणाले, "एकदा नापास झालास की मुंबईची बोट. भट्टीवर माझ्या शेजारची जागा मालकाला सांगून ठेवलीय." त्यांनी ते रागाने म्हटले नाही. त्यांच्या मते ती सोय होती. त्या वर्षी माझे सगळे काही त्या एका वार्षिक परीक्षेवर होते, आणि परीक्षेत मला भीती एकाच विषयाची होती.

आमचे गणिताचे मास्तर कडक इस्त्रीच्या धोतरात येत. अंगात काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात छडी. छडी क्वचित वापरत, कारण जीभ तिच्याहून बरी चाले. घातांक हा शब्द आम्ही पुढे ऐकला. मास्तर इंडेक्स म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर पाच नियम लिहिले आणि म्हणाले, "उतरवून घ्या. दहा वेळा लिहा. पाठ करा. यात समजण्यासारखं काही नाही." हे शेवटचे वाक्य त्यांनी आमच्या सोयीसाठी उच्चारले असे मला तेव्हा वाटले. आता वाटते, ते त्यांनी स्वतःविषयी दिलेले प्रामाणिक निवेदन होते.

माझी चूक मात्र मास्तरांची नव्हती. ती माझी होती, आणि आमच्या मराठी शाळेची होती. त्या शाळेत पाढे म्हणजे सर्वस्व. तिसापर्यंतचे पाढे, वर अपूर्णांकांची पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी. तिन्हीसांजेला आळीतल्या ओट्याओट्यांवर पोरे ते ओरडत बसत. मी त्यात पहिला होतो. दोन आकडे शेजारी दिसले की माझ्या तोंडातून गुणाकार बाहेर पडे. मध्ये डोके लागत नसे. त्यामुळे दोनाच्या डोक्यावर बारीक तीन बसलेला पाहिला की मी मनात बे त्रिक सहा म्हणे आणि सहा लिही.

दुर्दैव असे की मास्तरांनी पहिले उदाहरण दोनाच्या डोक्यावर दोन असे घातले. बे दुणे चार. उत्तर बरोबर! मास्तर म्हणाले, "शाब्बास, परटाच्या पोराला कळलं, तुम्हाला कळत नाही?" त्या शाबासकीने माझे सहा महिने खाल्ले. चार हे उत्तर दोन्ही वाटांनी येते, आणि मी चुकीच्या वाटेने आलो आहे, हे शोधण्याची मास्तरांना गरज वाटली नाही. उत्तर आले की त्यांचे काम संपले. मराठी शाळेतून आलेल्या आम्हा अकरा जणांपैकी नऊ जण हीच चूक करत होते, आणि नऊजण एकच चूक करतात तेव्हा तीत काही कारण असेल, असा विचार वर्षभर त्यांच्या मनाला शिवला नाही. ते फक्त म्हणत, "गाढवांचा बाजार."

एकदा मी धीर केला. कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक, असा पाचवा नियम होता. मी उभा राहून विचारले, "सर, शून्य वेळा दोन घेतले तर शून्य का नाही?"

मास्तर म्हणाले, "परटाने डागाचं कारण विचारावं. नियमाचं विचारू नये. बस खाली."

वर्ग हसला. मीही हसलो. याची मला अजून लाज वाटते. माझा अपमान चांगला झाला म्हणून मी दाद दिली.

सहामाहीत बीजगणितात मला शंभरात सात गुण मिळाले. तो कागद मी इस्त्रीच्या पाटाशेजारी टाकून भिंतीला टेकून बसलो. मास्तर आमच्याच आळीत राहत, आणि आत्या त्यांचेच धोतर इस्त्रीला घेत होती.

"काय रे मेल्या, तोंड का पाडलंस?"

"नापास."

"सगळ्यात?"

"एकात."

"मग एकाचंच तोंड पाड. बाकीच्याचं कशाला?" तिने इस्त्री विटेवर ठेवली आणि कागद उचलून उलटा धरला. "हे लाल काय?"

मी कागद सुलटा करून दाखवला. "हा दोन. त्याच्या डोक्यावर हा बारीक तीन. म्हणजे दोनाला दोनाने गुणायचं, आणि परत एकदा दोनाने. मी सहा लिहिलं. ते म्हणतात आठ."

"म्हणजे दुप्पट करायची, ती परत दुप्पट करायची?"

"असंच असेल."

"असेल काय? हाय का नाय ते सांग."

मला सांगता येईना. सहा महिने मी ते दहादा लिहीत होतो, आणि ते दुपटीवर दुप्पट आहे की नाही हे मला सांगता येईना.

आत्याने धोतर चटईवर पसरले. लांबी अर्धी केली. "ही एक घडी. थर किती?"

"दोन."

पुन्हा अर्धी केली. "दोन घड्या."

"चार."

तिसरी घडी घातली. "आता?"

"सहा," मी म्हटले.

"मोज."

"बे त्रिक..."

"मोज म्हटलं. गा नाय म्हटलं."

मी कडेला अंगठ्याचे नख लावून एकेक थर मोजला. आठ. दुसऱ्या बाजूने मोजला. आठ. मला धोतराचा राग आला. "तीन घड्यांचे आठ थर कसे होतील?"

"ते मला काय विचारतंस? धोतराला विचार."

तिला हे सगळे पोटापाण्याचे ज्ञान होते. कोळशाच्या इस्त्रीची धग आठ थरांतून खालपर्यंत जाते, सोळांतून जात नाही. मास्तरांना ट्रंकेत मावावे म्हणून चार घड्यांचे धोतर लागे. तेव्हा आत्या तीन घड्यांवर इस्त्री फिरवी, मग चौथी घाली आणि वरून नुसता हात दाबी. एक घडी वाढली म्हणजे एक थर वाढला असे समजणाऱ्या परटाची धोतरे आतून चुरगळलेलीच राहतात. "तुज्या आजोबांच्या हाताखाली मी हे शिकले तेव्हा तुज्याहून बारीक होते," ती म्हणाली, "आणि तू आठ अन् सहा करत बसलायस."

मग मी तिला दुसरा लाल शेरा दाखवला. दोनाचा तिसरा घात गुणिले दोनाचा दुसरा घात. मी डोक्यावरचे तीन आणि दोन गुणून सहावा घात लिहिला होता.

"तीन घड्या समोर हायत," आत्या म्हणाली. "आता वर दोन घाल."

मी घातल्या.

"एकंदर किती घातल्यास?"

"पाच."

"मग सहावी कुठं गेली?"

मी खरोखर धोतराकडे पाहिले. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. थर मोजले ते बत्तीस भरले. आठ चोक बत्तीस. इथे पाढा बरोबर होता, कारण इथे थरच चौपट होत होते. घड्यांची बेरीज आणि थरांचा गुणाकार, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे मला त्या चटईवर, गुडघे टेकून, मास्तरांच्या धोतराच्या कडेला नख लावलेले असताना कळले. भागाकार तर तिने शिकवण्याआधीच समजला. दोन घड्या उलगडल्या, पाचाच्या तीन राहिल्या.

"सगळ्या उलगड," ती म्हणाली.

मी उलगडल्या.

"घड्या किती?"

"शून्य."

"थर?"

"शून्य."

आत्या उठली. तिने धोतराची दोन टोके दोन्ही हातांत धरली आणि ते अख्खे माझ्या तोंडासमोर फडकावले. "मग हे काय हाय? उद्या शाळेत मास्तर काय नेसून येतील रे मेल्या?"

त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत मी घरातले प्रत्येक कापड घडी घालून पाहिले. पंचा तिघडी घातला की थर तीन, पुन्हा तिघडी घातला की नऊ. धोतराच्या घड्या आणि पंचाच्या तिघड्या मी एकदा बेरजेत धरायला गेलो तेव्हा आत्या ओरडली, "धोतराच्या गठ्ठ्यात पंचा घातलास तर हात मोडीन!" पाया तोच असेल तरच घातांकांची बेरीज करावी, हा मास्तरांचा पहिला नियम मला असा कळला. दोन वेगवेगळी धोतरे, एक तीन घड्यांचे आणि एक दोन घड्यांचे, एकावर एक ठेवली तर आठ आणि चार मिळून बाराच थर होतात, बत्तीस नव्हे, हेही मी पाहिले. बेरजेच्या उदाहरणात घातांकांना हात लावायचा नाही हे मग कोणी सांगावे लागले नाही. घाताचा घात मी एकट्याने काढला. तीन घड्यांचा एक मेळ, तसे दोन मेळ, म्हणून घड्या सहा. इथे मात्र माझे बे त्रिक सहा बरोबर! मी धावत आत्याला सांगायला गेलो. ती म्हणाली, "बरं. इस्त्रीत कोळसे घाल."

घातांक वजा असला तर काय, हे मी तिला विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ते मला नाय ठाऊक." तेवढेच. तिने नियम आहे म्हटले नाही, पाठ कर म्हटले नाही, माझी जातही काढली नाही.

वार्षिक परीक्षेचे पेपर हेडमास्तर काढत. बीजगणितात एक प्रश्न होता: दोनाचा शून्यावा घात किती, ते कारणासह लिहा. पुढे कळले की वर्गातल्या बहुतेकांनी 'नियम आहे म्हणून' असे कारण दिले होते. मी लिहिले की घातांक एकेकाने कमी करत गेले की उत्तर दरवेळी निम्मे होते; आठ, चार, दोन, आणि म्हणून एक. खाली भागाकाराने तेच पुन्हा दाखवले. धोतराचा उल्लेख केला नाही. तो करता आला असता. पण इंग्रजी शाळेच्या उत्तरपत्रिकेत धोतर कसे आणायचे? माझा भित्रेपणा इथेच सुरू झाला होता.

चार दिवसांनी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावले. मास्तर खुर्चीत होते, माझी उत्तरपत्रिका त्यांच्या मांडीवर.

"सहामाहीला सात," मास्तर म्हणाले, "आणि आता एक्क्याऐंशी. कोणाचं बघून लिहिलंस?"

"कोणाचंच नाही, सर."

"शून्याच्या घाताचं हे कारण मी वर्गात दिलेलं नाही."

"नाही दिलंत, सर."

हेडमास्तरांना थोडे हसू आले, ते मास्तरांना आवडले नाही. "मग हे आभाळातून पडलं? साहेब, याने कॉपी केली आहे. पेपर रद्द करावा."

हेडमास्तर मला म्हणाले, "घाबरू नकोस. हे तुला कोणी शिकवलं तेवढं सांग."

पेपर रद्द म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे बोट. मी मास्तरांकडे पाहिले. आत्याने परवाच इस्त्री केलेले धोतर ते नेसून बसले होते. 'माझ्या आत्याने, या धोतरावर', एवढेच म्हणायचे होते. मला वाटले, हे म्हटले तर दोघे हसतील, आणि पेपर रद्द होईल. एवढी भीती तरी खरी होती. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट होती: मला वर्गातले ते हसू पुन्हा नको होते.

"पुस्तकात वाचलं, सर," मी म्हटले. "वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक होतं."

"कोणाचं?"

"वेष्टन फाटलं होतं. नाव नव्हतं."

आणि दोघांनीही ते मान्य केले! न पाहिलेले, बिननावाचे, फाटके पुस्तक त्यांना पटले. मास्तरांचा चेहराही निवळला. ते म्हणाले, "मी वर्गात नेहमी सांगतो, अवांतर वाचा. एकाने तरी ऐकलं." मी पास झालो, आणि माझ्या पास होण्याचे श्रेय त्या दिवसापासून मास्तर स्वतःकडे घेऊ लागले. ते तरी काय करणार, ते घ्यायला दुसरे कोणी समोर नव्हतेच.

घरी आलो. आत्या दारातच उभी होती.

"काय झालं?"

"पास."

तिने कमरेवरचा हात काढला. मग जरा लाजून, मी तिला तसे कधी पाहिले नव्हते, विचारले, "कुणी शिकवलं, ते विचारलं काय रे?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं," मी म्हटले. "तुझं नाव सांगितलं."

त्या आठवड्यापासून आत्या मास्तरांच्या घरी पुढच्या दाराने जाऊ लागली. सगळी आळी ओळखीची होती, पण परटाने कपडे न्यायचे ते परसदारी, असा रिवाज होता आणि तो तिने तीस वर्षे पाळला होता. आता ती गठ्ठा घेऊन पुढच्या पायऱ्या चढे आणि ओटीच्या कडेला टेकून घाम पुशी. मास्तरांना न जमलेले शिकवणाऱ्या माणसाने मास्तरांच्या ओटीवर टेकायला काय हरकत आहे, असा तिचा सरळ हिशेब होता. मास्तरांना काहीच ठाऊक नसल्यामुळे त्यांना तो उद्दामपणा वाटला. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना ते मला म्हणाले, "तुझ्या आत्याला काही समज दे. हल्ली ती फार वर चढते." मी मान हलवली. आत्याला काही सांगितले नाही, मास्तरांनाही काही सांगितले नाही.

शेवटी मास्तरांच्या पत्नीने एकदा चारचौघांत तिला "परसात जा" म्हणून सांगितले. आत्या घरी येऊन म्हणाली, "मास्तरांना ठाऊक हाय. बायकोला त्यांनी सांगितलं नसेल." आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पुढच्या दाराने गेली.

मी मॅट्रिक झालो, पुण्यास कॉलेजात गेलो. सुटीत घरी येई तेव्हा ती मास्तरांची बाजू घेऊन बोले. पुरुषमाणूस घरात सांगायला विसरतो, असे ती म्हणे. मी गप्प बसे. मास्तरांची मी इतकी चेष्टा या पानांत केली आहे. पण त्यांचे अज्ञान निदान खरे होते.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पत्र लिहिले. मास्तर तोवर निवृत्त झाले होते, आणि आळीतल्या निरक्षर माणसांची पत्रे सकाळी ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखवत. त्यात त्यांना मान वाटे, आणि ऐकायला शेजारपाजारचे चारजण हटकून जमत. पत्र असे होते:

'तीर्थरूप आत्यास नमस्कार.

मी बी.ए. झालो. गणित घेऊन, दुसऱ्या वर्गात. वडिलांना मुंबईला वेगळे कळवले आहे.

हे पत्र मास्तरांकडूनच वाचून घे, दुसऱ्या कोणाकडून नको. मास्तरांना विनंती की पुढचा मजकूर आहे तसा मोठ्याने वाचावा, आणि आपल्या घरातली सर्व मंडळी ओटीवर असताना वाचावा.

पाचवीच्या परीक्षेनंतर मास्तरांनी मला विचारले होते की हे तुला कोणी शिकवले. मी एका पुस्तकाचे सांगितले. तसे पुस्तक नव्हते. घरी येऊन तुला सांगितले की तुझे नाव घेतले. तेही खोटे होते. मास्तरांना ठाऊक आहे असे समजून तू इतकी वर्षे त्यांच्या पुढच्या दाराने गेलीस, आणि अपमान झाला तरी त्यांना दोष दिला नाहीस. त्यांना काही ठाऊक नव्हते. दोष माझा होता.

आता मास्तरांना ठाऊक झाले. घातांकांचे नियम मला माझ्या आत्याने शिकवले, मास्तरांच्याच धोतरावर, सहामाहीनंतर, आमच्या घरी चटईवर. शून्याचे कारणही तिनेच दिले. पेपरात जे लिहिले ते तिचे होते. त्यावर मी पास झालो, आणि त्यामुळे आज हे पत्र लिहू शकतो.

तू रागावशील. तुझा राग रास्त आहे. उत्तर मास्तरांच्याच हातून लिहवून घे. त्यात मला शिव्या घालशील त्या मास्तरांनी शुद्ध करू नयेत, तू देशील तशाच लिहाव्यात.'